खणातली सही

शासकीय नोकरीत सहीला मोठा मान असतो. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका वरिष्ठांनी सांगितले होते, "पेन कोणालाही द्या, सही कोणालाही देऊ नका." कोऱ्या कागदावर सही करायची नाही, पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्याखाली सही करायची नाही, आणि मजकुराच्या शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा असेल तर तिथे आधी रेघ मारायची. हा उपदेश मी पंचवीस वर्षे निष्ठेने पाळला. तरीही ४ ऑक्टोबर २०१९ रोजी माझी सही माझ्या नकळत एका देयकावर झाली. ती कोणी चोरलेली नव्हती. मीच ती दुसऱ्याच्या खणात ठेवायला दिली होती.

त्या वेळी मी कोलकात्यात होतो. ज्यांनी तिथे नोकरी केली आहे त्यांना दुर्गापूजेच्या आधीचा आठवडा आठवत असेल. पुण्या-मुंबईत गणपतीच्या आधी जी लगबग असते तीच, पण कार्यालयाच्या दृष्टीने तिला आणखी एक बाजू असते. प्रत्येक पुरवठादाराला, ठेकेदाराला आपले पैसे पूजेच्या आत हवे असतात, कारण त्यालाही आपल्या माणसांना बोनस द्यायचा असतो. ४ ऑक्टोबरला शुक्रवार होता आणि षष्ठी होती. पूजेपूर्वीचा तो शेवटचा कामाचा दिवस. कार्यालय उघडणार ते थेट दशमीनंतर, बुधवारी. दुपारी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बैठकीत होतो. रस्ते मंडपांनी अडलेले असल्याने परत येणे शक्यच नव्हते. त्या दुपारी माझ्या नावाने अठ्ठावीस मंजुऱ्या संगणकावर झाल्या.

त्या कशा झाल्या हे सांगायला हवे. आर्थिक मंजुरीसाठी आम्हाला डिजिटल सही लागते. ती एका लहानशा टोकनमध्ये असते. ते संगणकाला जोडायचे, पिन टाकायची, की सही झाली. हे टोकन माझे स्वीय सहायक आपल्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवत असत आणि पिन त्यांना पाठ होती. यात लपवण्यासारखे काही आहे असे आम्हा कोणालाच वाटत नव्हते. खरे तर सुरुवातीला त्यांनी टोकन घ्यायला नकारच दिला होता. "सर, ही वस्तू माझ्याकडे असणे बरे नाही," असे ते हिंदी आणि बंगालीच्या त्यांच्या खास मिश्रणात म्हणाले होते. मी म्हणालो, "मला कुठे वेळ आहे? आणि माझ्या संगणकावर ते चालतही नाही." दुसरे वाक्य खरे होते. त्या प्रणालीला जावाची एक विशिष्ट जुनी आवृत्ती लागत असे, ती त्यांच्या संगणकावर होती, माझ्या संगणकावर काही केल्या बसत नव्हती. एवढ्या क्षुल्लक कारणावरून माझी सही माझ्या खोलीतून बाहेरच्या खोलीत गेली आणि दोन वर्षे तिथेच राहिली.

त्या अठ्ठावीस मंजुऱ्यांपैकी एक ६ लाख ४२ हजार रुपयांच्या देयकाची होती. पुरवठादार नेहमीचा, देयक खरे, क्रमांक खरा, रक्कमही खरी. फक्त बँक खाते बदललेले होते. सप्टेंबरच्या मध्यास त्याच्या नावाने एक ई-मेल आली होती, की जुन्या खात्याचे लेखापरीक्षण चालू असल्याने यापुढे पैसे नव्या खात्यात पाठवावेत. सोबत त्याचे पत्रशीर्ष आणि रद्द केलेल्या धनादेशाची प्रत होती. आमच्या लेखा-सहायकांनी ती प्रत छापून नस्तीत लावली, खाते बदलले आणि प्रस्ताव वर पाठवला. कागद पूर्ण होते. ई-मेलच्या पत्त्यात इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे शेजारी शेजारी होती, एवढाच काय तो फरक. आज ती प्रत समोर ठेवली तरी चष्म्याशिवाय मला तो दिसत नाही.

१० ऑक्टोबरला, विजयादशमीच्या शुभेच्छा देऊन झाल्यावर, पुरवठादाराने दूरध्वनीवर अदबीने विचारले, की पैसे केव्हा मिळतील?

पुढचा घटनाक्रम अशा प्रकरणांत नेहमी होतो तसाच झाला. बँकेला पत्र, पोलिसांत तक्रार, मुख्यालयाला अहवाल. अशा फसवणुकीची तत्काळ नोंद करण्यासाठी आज १९३० हा क्रमांक आहे. तेव्हा तो नव्हता. पैसे दुसऱ्या राज्यातल्या एका खात्यात गेले होते आणि सुट्यांच्या चार दिवसांत बहुतेक काढले गेले होते. १ लाख ८५ हजार रुपये गोठवता आले आणि यथावकाश परत मिळाले. उरलेले ४ लाख ५७ हजार बुडाले. पुरवठादाराचे देणे अर्थातच वेगळे द्यावे लागले.

मुख्यालयाचे पत्र आले. "जबाबदारी निश्चित करून अहवाल सादर करावा." प्रशासनात काम केलेल्या प्रत्येकाला या वाक्याचा व्यवहारातला अर्थ ठाऊक असतो. नुकसान झाले आहे, तेव्हा एक नाव हवे आहे. नाव जितक्या खालच्या पायरीवरचे असेल तितके ते लवकर सापडते. मी टिपणी लिहायला घेतली. लेखा-सहायकांनी पुरवठादाराकडे खातरजमा केली नाही, म्हणून निष्काळजीपणा. स्वीय सहायकांनी मंजुरी देताना बदललेले खाते निदर्शनास आणले नाही, म्हणून तोही निष्काळजीपणा. दोघांनाही आरोपपत्र देण्याची शिफारस. मसुदा चांगला झाला होता. त्यात असत्य असे एकही वाक्य नव्हते.

फक्त एक अडचण होती. संगणकाच्या नोंदीत मंजुरी देणाऱ्याचे नाव माझे होते आणि वेळ दुपारी साडेतीनची होती. त्याच वेळी बैठकीच्या हजेरीपत्रकावर माझी शाईची सही होती. एकाच माणसाने एकाच वेळी सहा-सात किलोमीटर अंतरावर दोन सह्या केल्या होत्या.

तो मसुदा तीन दिवस माझ्या टेबलावर राहिला. त्या तीन दिवसांत मी काय विचार करत होतो ते लिहिणे सोपे नाही, पण ते गाळले तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. त्याच हिवाळ्यात माझ्या पदोन्नतीसाठी विभागीय समिती बसणार होती. दुसऱ्या बाजूला, स्वीय सहायक ३१ मार्च २०२० रोजी निवृत्त होणार होते. निवृत्तीच्या दिवशी विभागीय कार्यवाही प्रलंबित असेल तर निवृत्तिवेतन तात्पुरते मिळते, पण उपदान अडकते. कार्यवाही किती वर्षे चालेल याचा नेम नसतो. त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरले होते, हे मला माहीत होते. कारण त्यासाठीच्या भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जावर मीच सही केली होती, तीही शाईने.

त्या तीन दिवसांत ते एकदाही माझ्याकडे काही बोलले नाहीत. रोजच्यासारखी डाक आणून ठेवत होते. फक्त पहिल्या दिवशी सकाळी टोकन एका लिफाफ्यात घालून, लिफाफा चिकटवून, माझ्या टेबलावर ठेवले होते.

चौथ्या दिवशी मी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० काढून वाचला. खरे म्हणजे टोकन हातात घेतले त्याच दिवशी तो वाचायला हवा होता. कलम ४२ स्पष्ट आहे. डिजिटल सहीची खासगी किल्ली आपल्याच ताब्यात राहावी यासाठी वाजवी काळजी घेणे आणि ती दुसऱ्याला कळू नये यासाठी सर्व उपाय करणे हे सहीच्या धारकाचे कर्तव्य आहे. धारक मी होतो. कनिष्ठाने वरिष्ठाच्या आज्ञेवरून सही वापरली तर दोष कनिष्ठाचा, असे कोणतेही उपकलम त्यात नाही.

मी टिपणी नव्याने लिहिली. टोकन माझ्या तोंडी आदेशावरून सहायकांकडे होते, त्यांनी सुरुवातीलाच हरकत घेतली होती, आणि खाते बदलताना खातरजमा करावी असा कोणताही लेखी नियम आमच्या कार्यालयात नव्हता, हे तीन मुद्दे लिहिले. मला लेखी ताकीद मिळाली. लेखा-सहायकांना समज देऊन सोडण्यात आले. बुडालेली रक्कम रीतसर निर्लेखित झाली. माझी पदोन्नती त्या वर्षी झाली नाही, पुढच्या वर्षी झाली. दोन्हींचा संबंध होता का हे मला कोणी सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही.

यात काही मोठेपणा केला असे वाचकांनी समजू नये. पहिला मसुदाही मीच लिहिला होता, आणि तो तीन दिवस फाडला नव्हता.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या प्रकरणाने जे शिकवले ते तंत्रज्ञानाविषयी कमी आणि प्रलोभनांविषयी अधिक होते. केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन यांनी २००१ मध्ये एका निबंधात मांडलेला मुद्दा मी नंतर वाचला. अमेरिकेत ग्राहकाने एटीएमचा व्यवहार नाकारला तर तो त्यानेच केला हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर होती. ब्रिटनमध्ये ती व्यवहारात ग्राहकावर ढकलली जात असे. वरवर पाहता ब्रिटिश बँका सुखी असायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या गाफील झाल्या आणि तिथे फसवणुकीची लाट आली. ज्याच्या हाती सुरक्षितता सुधारणे असते त्याला नुकसान सोसावे लागत नसेल, तर सुरक्षितता सुधारत नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने हाच धडा नियमात आणला. त्रुटी बँकेची किंवा ग्राहकाचीही नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याचे दायित्व शून्य. आणि दायित्व ग्राहकाचे आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर.

माझ्या कार्यालयाचा विचार याच चौकटीत केला, तर पद्धत बदलण्याचा अधिकार माझ्याकडे होता आणि शिक्षा मात्र सहायकांना होणार होती. माझा पहिला मसुदा मंजूर झाला असता तर पद्धत बदलण्याचे मला काहीच कारण उरले नसते. पुढच्या सहायकाच्या खणात तेच टोकन गेले असते.

दुसरी गोष्ट सुट्यांची. आमच्या प्रकरणात चोराने षष्ठीचा दिवस योगायोगाने निवडला असे मला वाटत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला वळवले गेले. खोटे आदेश गेले ते गुरुवारी रात्री. ढाक्यात शुक्रवार-शनिवार साप्ताहिक सुटी, रविवारी न्यूयॉर्क बंद, आणि सोमवारी चिनी नववर्षानिमित्त मनिलात सुटी. आदेशांची नोंद छापणारा प्रिंटर शुक्रवारी बंद आढळला. तो नेहमीसारखाच बिघडला असेल, असे कर्मचाऱ्यांना वाटले. मागितलेली एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर होती. त्यांतला एक मोठा आदेश थांबला तो 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकल्यामुळे, कोणाला तरी शंका येऊन. आपल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये जो हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातही बनावट कार्डांनी २८ देशांत पैसे काढले गेले ते शनिवारी, ११ ऑगस्टला. चोर आपले सुटीचे परिपत्रक आपल्यापेक्षा काळजीपूर्वक वाचतो.

मग आम्ही काय केले? टोकन मी स्वतःच्या खिशात ठेवू लागलो. पहिल्या आठवड्यात देयके तुंबली. लोक कुरकुरू लागले, आणि ते बरोबर होते. तेव्हा माझ्या लक्षात आले, की टोकन खणात जाण्याचे खरे कारण माझा आळस एवढेच नव्हते. कागदाच्या काळात सह्यांची जी रास माझ्यापर्यंत येत असे, ती आम्ही जशीच्या तशी पडद्यावर आणली होती. चहाचे बिल, टॅक्सीचे बिल, टोनरचे बिल, सगळे माझ्याच मंजुरीला. कागदावर एका मिनिटात दहा सह्या होतात. टोकनवर प्रत्येक सहीला दोन-तीन मिनिटे लागत. संगणकीकरण करताना कोणती सही मुळात हवी, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. एका महिन्याच्या मंजुऱ्यांची यादी काढली तेव्हा तीन चतुर्थांशांहून अधिक रकमा दहा हजारांच्या खाली निघाल्या. ते अधिकार रीतसर आदेश काढून दोन कनिष्ठ अधिकाऱ्यांकडे सोपवले, त्यांची स्वतःची टोकने घेतली. माझ्याकडे दिवसाला चार-पाच मंजुऱ्या उरल्या, आणि त्या मी वाचू लागलो. संगणक विभागाच्या मागे लागून माझ्या संगणकावर ती प्रणालीही बसवून घेतली. त्याला अर्धा दिवस लागला. दोन वर्षांपूर्वी लागला असता तरी अर्धाच दिवस लागला असता.

खाते बदलण्याविषयी एक पानाचा नियम केला. बदलाची विनंती आली की नस्तीवर आधीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करायचा, विनंतीत दिलेल्या क्रमांकावर नाही. बोलणे कोणाशी झाले ते लिहून ठेवायचे. बदलानंतर तीन कामकाजाचे दिवस त्या खात्यावर पैसे पाठवायचे नाहीत. या नियमाला कोणतेही यंत्र खरेदी करावे लागले नाही, निविदा काढावी लागली नाही. कदाचित म्हणूनच तो कोणाला आधी सुचला नसावा. सुरक्षेचे साहित्य विकायला येणारे बरेच असतात. त्यातले चांगले कोणते हे विकत घेणाऱ्याला कळत नाही आणि आपले नियम सर्वांत कमी दराकडे ओढतात. पण दूरध्वनी करणे विकायला कोणी येत नाही.

पासवर्डच्या बाबतीतही हेच दिसले. दर तीन महिन्यांनी तो बदलण्याची आमच्याकडे सक्ती होती. परिणामी अर्ध्या कार्यालयाचे पासवर्ड सणाचे नाव आणि वर्ष यांचे मिळून बनलेले होते, आणि उरलेल्यांचे कीबोर्डखाली चिकटवलेले. अमेरिकेच्या मानक संस्थेने, जिच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतून ही प्रथा जगभर गेली, २०१७ मध्ये ती सक्ती मागे घेतली. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदला, एरवी लांब आणि सहज न ओळखता येणारा ठेवा, असा आता तिचा सल्ला आहे. मूळ मार्गदर्शिकेच्या लेखकांनीही आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. माणसाला न झेपणारा नियम केला की माणूस तो पाळल्यासारखे करतो. हे प्रशासनात आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संगणक आला की आपण ते विसरतो.

शेवटचा मुद्दा भीतीचा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील सर्व्हर निकामी झाले आणि सुमारे दोन आठवडे रुग्णांच्या नोंदणीपासून तपासणीच्या अहवालांपर्यंत बरेचसे काम कागदावर चालले. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली होती. जाळ्याचे विभाग नीट वेगळे केलेले नव्हते, हे कारण सरकारने नंतर राज्यसभेत सांगितले. अशा हल्ल्यात पहिले काही तास सर्वांत मोलाचे. म्हणूनच सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक झाले. पण सहा तासांचे घड्याळ चालू व्हायचे तर आधी कोणीतरी "माझ्याकडून चूक झाली" असे म्हणावे लागते. जो पहिल्यांदा सांगतो त्यालाच पहिले ज्ञापन मिळत असेल, तर कोण सांगेल?

मी कार्यालयात एक तोंडी शब्द दिला होता, पुढे तो लेखी परिपत्रकातही घातला. चूक तासाभरात स्वतःहून सांगणाऱ्याला त्या चुकीबद्दल ज्ञापन दिले जाणार नाही. २०२३ मध्ये, दुसऱ्या शहरात, माझ्याकडे नुकताच रुजू झालेला एक लघुलेखक धापा टाकत आत आला. "सर, मी एक फाइल उघडली, आणि मला वाटते ती उघडायला नको होती." दहा मिनिटे झाली होती. येण्यापूर्वी त्याने संगणकाची जाळ्याची तार काढून टाकली होती. एक संगणक पुसून नव्याने बसवावा लागला, दुसरे काही गेले नाही. सहा तासांच्या आत अहवालही गेला.

माझे ते स्वीय सहायक ठरल्याप्रमाणे ३१ मार्च २०२० रोजी निवृत्त झाले. देशभर टाळेबंदी लागून आठवडा झाला होता. निरोपसमारंभ नाही, शाल नाही, रसगुल्ले नाहीत. संध्याकाळी मी त्यांना दूरध्वनी केला. उपदानाची मंजुरी त्याच दुपारी घरून, माझ्या टोकनने, मीच केली होती. ते सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारले, "सर, टोकन आता कुठे ठेवता?"

खिशात, मी म्हणालो.

"कपडे धुवायला टाकताना बघून घ्या," ते म्हणाले.